दुपारच्या पाळीतला वास

१

शाळेची गाडी दवाखान्याच्या कुंपणाला नाक लावून उभी होती. पुढचा एक दिवा फुटला होता, कुंपणाची फळी आडवी झाली होती आणि गाडी शिकणारी शिंपीणबाई दवाखान्याच्या पायरीवर कपाळाला ओला रुमाल लावून बसली होती.

"पेट्रोलचा वास हो," ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. "डोकं असं गरगरलं, ब्रेक म्हणून दाबलं ते भलतंच निघालं."

शाळा म्हणजे मोटार शिकवायची शाळा. रस्त्याला लागून एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, एकच गाडी, शिकवणाऱ्या दोघी आणि मालक मामा. मामा सगळ्यांचेच मामा, पण दुपारी शिकवणाऱ्या पोरीचे अगदी सख्खे. म्हणून तिचं नावच भाची पडलं होतं. सकाळची पाळी मास्तरीणबाईंची. रस्त्यावरून जाणाऱ्या निम्म्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसांच्या होत्या, आणि ती माणसं अजूनही त्या दिसल्या की उगाचच वेग कमी करत.

वासाची तक्रार काही आजची नव्हती. टाकी भरली की दुपारी गाडीत पेट्रोलचा भपकारा येई, संध्याकाळपर्यंत ओसरे, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा हजर. मिस्त्रीने टाकीचं झाकण बदललं, झाकणाखालची रबरी चकती बदलली, गाडीखाली आडवं होऊन पाइप हाताने चाचपला. कुठे थेंब नाही, कुठे चीर नाही. आणि आज तर भाचीच्या पाळीत गाडी कुंपणात शिरली.

मिस्त्रीला स्वतःबद्दल शंका येण्याची सवय नव्हती. त्याने हात पुसले आणि जमलेल्यांसमोर निकाल देऊन टाकला. "गाडीत दोष नाही. दोष असता तर सकाळीही वास आला असता. मशीनला सकाळ-दुपारची पाळी कळत नाही, मामा. माणसाला कळते."

सगळ्यांच्या माना मास्तरीणबाईंकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय?" त्या म्हणाल्या.

मामांनी घसा साफ केला. "तसं नाही. पण मागे तुम्ही तापाने घरी होतात ना, तेव्हा दोन्ही पाळ्या पोरीनेच केल्या. वास हळूहळू गेला. तुम्ही आलात आणि वासही आला."

"म्हणजे मी गाडीत पेट्रोल शिंपडते?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हणायचं बाकी काय ठेवलंत?"

मामांचे गुडघे गेले होते. शाळा आता कुणाच्या तरी हाती सोपवायची, आणि कुणाच्या ते शनिवारी सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मास्तरीणबाईंनी आयुष्यात एवढी एकच गोष्ट मनापासून मागितली होती आणि तीही कुणाला न सांगता. त्या शाळेच्या किल्ल्या.

"शनिवारी किल्ल्या द्यायच्याच आहेत," मामा म्हणाले. "पण हे ज्याने केलंय त्याला मी शाळेत ठेवणार नाही. मग तो सख्खा असो नाहीतर जुना."

"शनिवारच्या आत गुन्हेगार तुमच्यापुढे उभा करते," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि ताड्‌ताड् चालू लागल्या. गुन्हेगार कोण ते त्यांनी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं होतं.

२

खरं सांगायचं तर भाची आली त्या दिवसापासूनच मास्तरीणबाईंच्या पोटात दुखत होतं. आधी त्यांना वाटलं, पोरगी नवखी आहे, चार दिवसांत रडत घरी जाईल. ती रडली नाही. उलट तिचे विद्यार्थी गाडीतून हसत उतरू लागले. गाडी शिकताना हसायचं काय असतं ते मास्तरीणबाईंना आजवर समजलेलं नव्हतं. त्यांचे विद्यार्थी घाम पुसत उतरत, आणि परीक्षेत पास होत.

पोरीला सगळे ताई म्हणत. ती स्वतः मास्तरीणबाईंना काकू म्हणे, आणि ते 'काकू' त्यांना खड्यासारखं टोचे. त्यांच्या पाळीतली काही मंडळी गुपचूप दुपारच्या पाळीत सरकली होती. शिंपीणबाई त्यांतलीच. "दुपारची वेळ सोयीची पडते" असं तिने तोंडाने सांगितलं, पण नजर चपलांवर होती.

पाळी बदलताना मामांचा एक नियम होता. आपलं काम झालं की टाकी भरून मगच गाडी दुसरीच्या हाती द्यायची. पूर्वी सगळी शाळा मास्तरीणबाईच ओढत, तेव्हा ह्या नियमाला काही अर्थच नव्हता. भाची आल्यावर एकदा मामा गाडीत बसले, किल्ली फिरवून त्यांनी काटा बघितला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीच्या हातची गाडी बघा! काटा कसा अगदी रेषेला टेकलाय." त्या दिवसापासून मास्तरीणबाईंची गाडी परत यायची ती काटा रेषेच्याही वर घेऊन. निदान ह्या एका गोष्टीत तरी कार्टी त्यांच्या पुढे जाऊ शकली नव्हती.

भाची शाळेच्या खोलीत खुर्चीवर बसून फुटलेल्या दिव्याच्या काचा कागदात गुंडाळत होती.

"काकू, बसा ना."

"बसायला नाही आले. वास कधी येतो, नीट सांग."

"मी गाडी घेते तेव्हाच येतो. दार उघडलं की भसकन. काचा लावून एसी सुरू केला की डोकंच उठतं."

"काचा कशाला लावतेस? माझ्या गाडीत सगळ्या काचा खाली असतात. रस्ता कानाने ऐकायचा असतो."

"बाहेरच्या आवाजाने विद्यार्थी बिचकतात हो. आधी शांतपणे हात बसू दे म्हणते, मग काचा उघडते." भाची जरा थांबली. "आणि अजून एक. मी गाडी घेते तेव्हा ती पहिल्या किल्लीला सुरूच होत नाही. खोकते, बंद पडते. नंतर दिवसभर छान चालते."

मास्तरीणबाईंच्या ओठांवर समाधानाचं हसू आलं. पंपावरून निघताना गाडी त्यांच्याही हातात रुसत असे. पण त्या जरा रेस द्यायच्या आणि गाडी निमूटपणे ऐकायची. गाडीला ही खोड ह्या पोरीनेच लावली, असं त्यांचं पक्कं मत होतं.

"गाडीला हात ओळखता येतो," त्या म्हणाल्या.

भाचीचा चेहरा उतरला. ते बघून मास्तरीणबाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा थोडा रागही आला.

त्या बाहेर आल्या. गाडी ओढून अंगणात आणून ठेवली होती. सवयीने त्यांनी मानेला बाम चोळला, हात पुसले आणि डिकी उघडली. जादा चाक, जॅक, पाण्याची बाटली. चाकाच्या खोबणीत काहीतरी पिवळं कोंबलेलं होतं. त्यांनी ओढून काढलं. फडकं होतं. बामाने भरलेल्या त्यांच्या नाकालाही कळावा एवढा पेट्रोलचा वास त्याला येत होता.

फडक्याच्या एका कडेला निळ्या दोऱ्याची वेलबुट्टी होती. अशीच वेलबुट्टी असलेला दुपट्टा भाची सुरुवातीला गळ्यात घालून फिरत असे.

३

"सापडली!" मास्तरीणबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि फडकं पिशवीत घातलं.

पोरगी हुशार होती, हे आता त्यांना मान्यच करावं लागलं. आपल्याच पाळीत, आपणच पेट्रोलचं फडकं ठेवायचं. वास आला की बिचारं तोंड करायचं. संशय आपोआप सकाळच्या बाईवर. जुनी बाई गेली की किल्ल्या घरच्या घरी. ह्या विचाराने त्यांचा असा जळफळाट झाला की रस्ता ओलांडताना त्यांनी डावी-उजवीकडे बघितलंच नाही. एका रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला. त्यांनी मागे वळून बघितलं तसा तो घाबरून म्हणाला, "चुकलं, मास्तरीणबाई!"

पुरावा हातात होता, आता साक्षीदार हवा होता. त्या शिंपीणबाईच्या दुकानात शिरल्या. शिंपीणबाई मशीनवर बसली होती. मास्तरीणबाईंना बघताच तिचा पाय थांबला आणि सुई कापडातच अडकली.

"घाबरू नकोस. एवढंच सांग. तू सकाळी यायचीस तेव्हा वास नव्हता आणि दुपारी येऊ लागलीस तेव्हा आला. बरोबर?"

शिंपीणबाईने कात्री उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"बोल की."

"तुम्ही रागावणार नाही ना?"

"मी कशाला रागावू?"

ह्यावर शिंपीणबाई नुसतीच त्यांच्याकडे बघत राहिली. मग धीर करून म्हणाली, "वास सकाळीही यायचा."

"काय?"

"दुपारइतका नाही. पण गाडीत बसताना यायचा. तुम्ही लगेच काचा खाली करायला लावायचात, मग वाऱ्याने जायचा. सगळ्यांनाच यायचा तो. तुमच्या शेजारी मात्र बामाचा वास इतका असतो की..." तिने जीभ चावली.

"मला कुणी का नाही सांगितलं?"

"तुम्हाला सांगायची टाप कुणाची हो? एकदा मी म्हटलं होतं, आरसा जरा हलतोय. तर तुम्ही म्हणालात, आरसा नाही, तुझं डोकं हलतंय. मग मी ठरवलं, आपण आपली गाडी चालवावी."

"आणि तिला सांगतेस?"

"ताईंना काहीही सांगता येतं," शिंपीणबाई सहज बोलून गेली.

मास्तरीणबाईंना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. त्या दुकानाबाहेर आल्या आणि बंद पडलेल्या गाडीसारख्या जागेवरच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या शेजारच्या खुर्चीवर बसून प्रत्येक चूक पकडत आल्या होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या गाडीत येणारा वास सगळ्यांना माहीत होता, त्यांना सोडून.

त्या दुःखातही त्यांचं डोकं मात्र काम करत होतं, आणि जे उमगलं ते त्यांना अजिबात आवडलं नाही. सकाळी वास येत असेल तर मिस्त्रीचं सगळं शहाणपण फुकट होतं. पाळी बघून कुणी काही करत नव्हतं. आणि दुपारी डिकीत कोंबलेल्या फडक्याचा वास सकाळच्या गाडीत येणार कसा? सकाळी तर त्या रोज स्वतः डिकी उघडून चाक बघत. सकाळी तिथे फडकं कधीच नसायचं.

भाची सुटत होती. मग होतं तरी कोण?

४

आता पंपच उरला होता. वास टाकी भरल्यावर यायचा आणि टाकी भरायचा टोपीवाला. त्याच्या डोक्यावरची लाल टोपी कुणी कधी उतरलेली बघितली नव्हती. पंप शाळेपासून चार पावलांवर, त्यामुळे शाळेची गाडी दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

"तुझ्या पेट्रोलमध्ये काय मिसळलंय?" मास्तरीणबाईंनी जाताच विचारलं.

"काही नाही, बाई! इथून सगळेच भरतात. कुणाच्या गाडीत वास नाही."

हे खरं होतं. मामांच्या भावाची, दवाखान्यातल्या डॉक्टरची, सगळ्यांच्या गाड्या इथल्याच पेट्रोलवर चालत होत्या.

"मग भरताना सांडतोस."

टोपीवाल्याने टोपी पुढे ओढली. "मी मनाने काही करत नाही. जो जसं सांगतो तसं भरतो. नळी स्वतःच टक् करून थांबते. मामांचं तर त्याच्या आधीच 'बस बस' सुरू होतं. ताई म्हणतात, टक् झालं, काढा."

"बरं. मग?"

"मग काय?" तो दुसरीकडे बघू लागला. "तुम्ही जसं म्हणता तसं."

"सरळ उत्तर दे."

"दिलं की, बाई."

मागे एक मोठी गाडी भोंगा वाजवू लागली आणि तो सुटल्यासारखा तिकडे पळाला. हा माणूस काहीतरी दडवतोय, एवढं मास्तरीणबाईंना समजलं. त्यांच्या नजरेला नजर न देणारे लोक त्यांनी आयुष्यभर बघितले होते, आणि ते चुकलेले आहेत असंच त्यांनी दरवेळी धरलं होतं.

घरी जाताना वाटेत मामा भेटले, काठी टेकत. चेहरा खुललेला.

"मास्तरीणबाई, तुम्ही उगाच वणवण करू नका. मला उलगडा झालाय. तो टोपीवाला! गाडीच्या अंगावर पेट्रोलचा ओघळ मी आत्ताच बघितला, झाकणाच्या खाली. वाळलेला डाग. सांडवतो लेकाचा. पंपाच्या मालकाशी बोललोय मी, सोमवारपासून तो तिथे दिसणार नाही."

मास्तरीणबाईंनी मान हलवली. सगळं जागच्या जागी बसत होतं. पण एक गोष्ट काही बसत नव्हती. टोपीवाला सांडवणारा असता, तर तापाच्या दिवसांत काय त्याचे हात सुधारले होते?

५

त्यांच्या नवऱ्याला चहाचा थर्मास घेऊन कामावर जायची सवय होती. तो नकाशे काढणाऱ्यांच्या ऑफिसात होता आणि घरात फारसं बोलत नसे. का बोलत नसे, असा प्रश्न मास्तरीणबाईंना शुक्रवारच्या त्या सकाळपर्यंत कधी पडला नव्हता.

त्यांनी चहा थर्मासात ओतला. कडेपर्यंत आला, तरी भांड्यात थोडा उरला, तोही ओतला, आणि बूच दाबून बसवलं. बुचाच्या कडेने चहा फसफसून वर आला आणि टेबलावर पसरला.

नवऱ्याने खिशातून रुमाल काढला आणि थर्मास खालून पुसला. रुमाल आधीपासूनच तपकिरी होता.

"हे रोज होतं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"रोज."

"मग सांगायचं नाही का?"

"लग्न झालं तेव्हा सांगितलं होतं एकदा. बोटभर जागा ठेव, वाफेला कुठेतरी जायला हवं. तू म्हणालीस, अर्धा थर्मास देऊन लोकांत माझी शोभा करायची आहे का." त्याने रुमालाची घडी घातली. "मग मी रुमाल ठेवू लागलो."

मास्तरीणबाई त्या रुमालाकडे बघत राहिल्या. मग उठल्या, पिशवीतून पिवळं फडकं काढलं आणि टेबलावर रुमालाशेजारी ठेवलं. खुर्ची मागे आहे की नाही हे न बघता त्या खाली बसल्या, आणि नशिबाने खुर्ची होती.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"गुन्हेगार सापडला," त्या म्हणाल्या.

६

शनिवारी शाळेच्या खोलीत सगळे जमले. मामा टेबलामागे, भाची खिडकीत, मिस्त्री दाराला टेकून, शिंपीणबाई बाकावर. टोपीवाल्याला मामांनी बोलावून घेतलं होतं. तो कोपऱ्यात उभा होता आणि आज पहिल्यांदाच त्याची टोपी त्याच्या हातात होती. तिच्याखाली त्याला पूर्ण टक्कल होतं.

"चोर घरातला नव्हता ह्याचाच मला आनंद आहे," मामा म्हणाले. "सांडलेल्या पेट्रोलचा वास होता तो. तूच ना रे?"

टोपीवाल्याने एकदा मास्तरीणबाईंकडे बघितलं आणि मान खाली घातली. "जे सांगतील ते, मामा."

"झालं तर! मास्तरीणबाई, मी तुमच्यावर संशय घेतला, मनात ठेवू नका. आणि मी विचार पक्का केलाय. पोरगी गुणाची आहे, पण अजून कोवळी आहे. किल्ल्या तुम्हीच घ्या." मामांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून पुढे सरकवला.

मास्तरीणबाईंनी तो उचलला. शटरची किल्ली, कपाटाची, गाडीची. किती वर्षं ह्यांच्याकडे बघून त्यांनी आवंढा गिळला होता. खिडकीत भाचीचे डोळे भरून आले होते, आणि ते बघून मास्तरीणबाईंच्या आतली जळकी बाई सुखावून म्हणाली, घे, गप्प बस आणि घरी जा. टोपीवाला तर बोलणार नव्हताच. त्यांच्यासमोर कोण बोलायचं?

ह्या शेवटच्या विचारापाशी त्या अडकल्या.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "टाकीतली वाफ कुठे जाते?"

"टाकीच्या बाजूला एक डबा असतो, कोळसा भरलेला. तो वाफ पिऊन घेतो. नंतर इंजिन त्याच्यातून ती ओढतं. म्हणून तर चांगल्या गाडीत वास येत नाही."

"आणि त्या डब्यात वाफेऐवजी पेट्रोलच गेलं तर?"

"कसं जाईल? टाकीत वर थोडी जागा सोडलेली असते. पंपाची नळी टक् करून थांबते ती त्यासाठीच." मिस्त्री बोलता बोलता थांबला. "कुणी टक् झाल्यावरही दाबून भरत राहिलं तर जाईल. मग कोळसा भिजतो, वास मारतो. गाडी भरल्या भरल्या सुरू व्हायला नखरे करते."

"झाकण बघितलंत, पाइप बघितलात. डबा बघितलात?"

मिस्त्री बाहेर गेला. सगळे त्याच्या मागोमाग अंगणात आले. तो गाडीखाली शिरला, बराच वेळ खुडबुड केली आणि एक काळा डबा घेऊन बाहेर आला. त्याने तो कानाशी हलवला, मग मामांच्या कानाशी धरला. आत पेट्रोल डुचमळत होतं.

"आता ऐका," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा कडक होता. "मामा टक् व्हायच्या आधी थांबवतात. भाची टक् झालं की थांबवते. म्हणून मी तापाने घरी असताना डबा हळूहळू वाळला आणि वास गेला. मी परत आले आणि पुन्हा भिजला. टक् झाल्यावर 'अजून घाल, अजून घाल, काठापर्यंत येऊ दे' असं ह्या गावात एकच बाई म्हणते. ह्या माणसाने सांगितलं होतं मला, तुम्ही म्हणता तसं भरतो म्हणून. मलाच ऐकू आलं नाही."

"पण का?" मामा चक्रावले. "एवढं ठासून भरायचं कशासाठी?"

"कारण तुम्ही एकदा म्हणालात, पोरीच्या हातची गाडी बघा." इथे मात्र मास्तरीणबाईंचा आवाज फुटला. "माझा काटा तिच्या काट्याच्या वर दिसायला हवा होता. जळत होते मी तिच्यावर. अजूनही जळतेय. एवढ्यासाठी ह्याची नोकरी जाणार होती, आणि शिंपीणबाई कुंपणाऐवजी कुणाच्या अंगावर गेली असती तर?"

त्यांनी जुडगा मामांच्या हातात परत ठेवला. तो ठेवताना बोटं लगेच सुटेनात.

"मग ते फडकं?" शिंपीणबाईने विचारलं.

"ते माझं," भाची म्हणाली. "रोज दुपारी झाकणाखाली ओघळ असायचा. काडी पडली, ठिणगी पडली तर, म्हणून जुना दुपट्टा फाडून पुसायचे. घरी जाताना फडकं धुवायला न्यायचे. त्या दिवशी गडबडीत राहिलं."

"ओघळ रोज दिसत होता आणि तू मला बोलली नाहीस?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, काल आलेली पोर मला शिकवते." भाचीने नाक पुसलं. "आणि खरं सांगू काकू? थोडं मुद्दामही नाही बोलले. माझ्याशी सगळे गप्पा मारतात. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येकजण हळूच विचारतो, मास्तरीणबाईंसोबत एक फेरी मिळेल का, चढावर गाडी थांबवायची आहे. माझ्यावर कुणाचा तेवढा भरवसाच नाही. मलाही वाटलं, एकदा तुमची चूक निघू दे."

मामा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. गुडघे दुखत असूनही ते बसले नाहीत.

"ज्याने केलं त्याला ठेवणार नाही, असा शब्द देऊन बसलोय मी," ते म्हणाले. "आता माझंच तोंड बंद झालं. मीच म्हटलं होतं ना, पोरीच्या हातची गाडी बघा. सुरुवात तिथूनच झाली." त्यांनी जुडगा भाचीपुढे धरला. "तू घे. शब्द पाळायचा की मोडायचा तेही आता तूच ठरव. मी पंपाच्या मालकाकडे जाऊन नाक घासून येतो."

भाचीने किल्ल्या घेतल्या. मास्तरीणबाई निघाल्याच होत्या, पिशवी काखेत मारून.

"काकू, सोमवारी सकाळची पाळी तुमचीच," भाची म्हणाली. "आणि टक् झालं की बस."

त्या 'काकू'ने पुन्हा टोचलंच. मास्तरीणबाईंनी मान हलवली आणि फाटकाबाहेर पडल्या. रडू त्यांना वळणावर आलं, कुणाला दिसणार नाही अशा जागी.

७

सोमवारी गाडीत नवा डबा होता, नवा दिवा होता आणि काटा रेषेच्या बोटभर खाली होता. शिंपीणबाई सकाळच्या पाळीत परत आली होती. चढ तिला अजून जमत नव्हता.

तिने आरसा नीट केला, काचा खाली केल्या आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गाडी चढाच्या रस्त्याला लागली.

"वास येतोय का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"नीट सांग."

शिंपीणबाईने स्टिअरिंग घट्ट धरलं. तिचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. मास्तरीणबाईंच्या जिभेवर नेहमीचं काहीतरी आलं होतं, ते त्यांनी मोठ्या कष्टाने गिळलं आणि वाट बघितली. मागून सायकलवाले गेले, भाजीची गाडी गेली.

"पेट्रोलचा नाही येत," शिंपीणबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "पण तुमच्या बामाने माझं डोकं उठतं हो, मास्तरीणबाई. पहिल्या दिवसापासून."

मास्तरीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी पिशवीतून बामाची बाटली काढली, समोरचा खण उघडला, बाटली आत टाकली आणि झाकण लावलं.

"अजून काय?" त्या म्हणाल्या. "सगळं सांग. चढ येईपर्यंत वेळ आहे."